कॉलेजच्या क्लब संघाला विकिपीडियावर स्वतंत्र पान मिळेल का? लिहायला बसण्याआधी हे तपासा

क्लबने सलग दोन वर्षं विभागीय स्पर्धा जिंकली, संघाचं इन्स्टाग्राम जोरात आहे, जुने खेळाडू अजून सामने बघायला येतात. मग आपलं विकिपीडियावर पान का नाही, हा प्रश्न जवळपास प्रत्येक नव्या कर्णधाराला पडतो. पान तयार करायला एक दुपार पुरते. ते वगळायचं की ठेवायचं याची चर्चा इंग्रजी विकिपीडियावर साधारण सात दिवस चालते. त्या सात दिवसांत ज्याने खपून लिहिलं त्याचा जो हिरमोड होतो, तो टाळता येतो. त्यासाठी सगळी मेहनत लिहिण्याच्या आधी करावी लागते.

कसोटी एकच आहे. संघाशी काहीही देणंघेणं नसलेल्या लोकांनी, मजकूर तपासून छापला जातो अशा ठिकाणी, या संघाविषयी सविस्तर लिहिलं आहे का? विकिपीडियावर याला उल्लेखनीयता म्हणतात. शब्द थोडा फसवा आहे, कारण वाचणाऱ्याला वाटतं की संघ किती चांगला हे मोजलं जातंय. तसं नाही. चषक किती, सदस्य किती, क्लब किती जुना, यातलं काहीही थेट मोजलं जात नाही. मोजलं जातं ते दुसऱ्यांनी लिहिलेलं. वाईच्या मराठी विश्वकोशाच्या वीस खंडांत नोंद घ्यायची की नाही हे संपादक मंडळ ठरवायचं, आणि छापील पानांची मर्यादाही होतीच. विकिपीडियाला पानांची मर्यादा नाही आणि वर कोणी मुख्य संपादकही नाही. त्यामुळे बाहेरच्या लिखाणाचा आधार हाच तिथला उंबरठा ठरतो. लेखातलं प्रत्येक वाक्य पडताळता आलं पाहिजे. बाहेर कुणी लिहिलेलंच नसेल तर पडताळणार कशावरून?

संघ नेमका कोणत्या जातकुळीचा

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांचा इथे पहिला गोंधळ होतो, म्हणून हे नीट समजून घ्या. तिथल्या विद्यापीठांत दोन वेगळ्या तऱ्हेचे संघ असतात. व्हर्सिटी संघ विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा असतो. त्याला पगारी प्रशिक्षक असतो, बहुतेक खेळांत तो एनसीएए या १९०६ सालच्या संघटनेच्या नियमांखाली खेळतो, आणि त्याच्या सामन्यांना स्थानिक वृत्तपत्रांचे वार्ताहर जातात. क्लब संघ विद्यार्थी स्वतः चालवतात. वर्गणी काढतात, मैदान आरक्षित करतात, प्रवासाच्या गाड्या ठरवतात. बर्फावरच्या हॉकीच्या क्लब संघांसाठी १९९१ मध्ये एसीएचए ही वेगळी संघटना स्थापन झाली. अल्टिमेट फ्रिस्बीचं काम यूएसए अल्टिमेट बघते. क्रिकेट तर तिथे जवळजवळ सगळीकडे क्लबच्याच पातळीवर खेळलं जातं.

विकिपीडियाचा नियम मात्र 'व्हर्सिटी आत, क्लब बाहेर' असा नाही. इंग्रजी विकिपीडियावर संस्थांसाठी एक वेगळं, कडक मार्गदर्शक पान आहे; त्यातून क्रीडासंघ स्पष्टपणे वगळले आहेत. क्रीडाविषयक मार्गदर्शक पान संघांना कुठलीही सूट देत नाही. म्हणजे राष्ट्रीय स्पर्धा खेळणारा क्लब असो की शनिवारी सकाळी जमणारी अकरा मुलं, दोघांना लागू होतो तो सर्वसाधारण उल्लेखनीयतेचा निकष: विषयावर सविस्तर, विश्वासार्ह, स्वतंत्र आणि शक्यतो दुय्यम (म्हणजे घटनेत सहभागी नसलेल्याने मूळ माहितीच्या आधारे लिहिलेले) स्रोत हवेत. २०२२ मध्ये झालेल्या मोठ्या चर्चेनंतर 'अमुक पातळीवर एक सामना खेळला म्हणजे पात्र' हा मार्ग खेळाडूंसाठीही बंद झाला. त्यामुळे जुन्या चर्चांमधले दाखले देऊन आज वाद घालू नका.

व्हर्सिटी-क्लब हा फरक परिणामात दिसतो. क्लबच्या सामन्याला बाहेरचा वार्ताहर फिरकत नाही, म्हणून स्रोत तयार होत नाहीत. म्हणजे अडचण दर्जाची नसून नोंद न होण्याची आहे. 'क्लब' या शब्दावरूनही काही ठरवू नका. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी क्रिकेट क्लब नावाने क्लबच आहे, पण त्याचा केंब्रिजविरुद्धचा पहिला सामना १८२७ मध्ये लॉर्ड्सवर झाला आणि त्या सामन्यांवर दोन शतकं लिहिलं गेलंय. आपल्याकडे ही विभागणी जशीच्या तशी नाही. इथे कॉलेजचा अधिकृत संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि तो आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. त्याखेरीज विद्यार्थ्यांनी हौसेने चालवलेले फुटबॉल किंवा फ्रिस्बीचे गट असतात. यातलं नेमकं कशाबद्दल लिहायचंय ते एका ओळीत लिहून काढा. ती ओळ लिहिता येत नसेल तर स्रोतही सापडत नाहीत, कारण काय शोधायचं हेच ठरलेलं नसतं.

शोध कसा घ्यायचा

संगणकासमोर एक अख्खी संध्याकाळ आणि ग्रंथालयात एक दिवस, एवढा वेळ काढाच. आधी संघाच्या नावाची सगळी रूपं लिहून घ्या: टोपणनाव, जुनं नाव, विद्यापीठाचं लघुरूप, 'कॉलेज' आणि 'महाविद्यालय' दोन्ही, इंग्रजी आणि मराठी दोन्ही. प्रत्येक रूप अवतरणचिन्हांत घालून शोधा आणि कॉलेजचं स्वतःचं संकेतस्थळ वजा चिन्ह लावून निकालांतून काढून टाका. एवढ्या एका युक्तीने निकालांची पहिली तीन पानं बहुधा अर्ध्यावर येतात, आणि जे उरतं तेच कामाचं असतं.

मराठी स्रोतांची अडचण वेगळी आहे. युनिकोड रुळण्याआधी वृत्तपत्रांची पानं आणि स्मरणिका निरनिराळ्या फाँटांत जुळवल्या जात. तो मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण शोधयंत्राच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरं असतात. कित्येक ई-पेपर नुसती चित्रं असतात. त्यांतलं अक्षरही शोधात येत नाही. म्हणून 'गुगलवर काहीच नाही' याचा अर्थ 'काहीच छापलं गेलं नाही' असा घेऊ नका. स्पर्धेची साल-तारीख कॉलेजच्या वार्षिक अंकातून काढा आणि त्या तारखेच्या पुढच्या चार दिवसांचे अंक शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात बांधलेल्या खंडांतून चाळा. वार्षिक अंक स्वतः पुरावा म्हणून मोजला जात नाही, पण वाट दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

सापडलेल्या प्रत्येक कात्रणावर वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि लेखकाचं नाव लगेच टिपा. विकिपीडियाला इंटरनेटवरचा दुवा लागतोच असं नाही. छापील स्रोत पूर्ण तपशिलासह दिला की चालतो. आवृत्ती लिहायला विसरू नका. पुणे आवृत्तीत आलेली बातमी मुंबई आवृत्तीत नसते आणि पडताळणाऱ्याला ती सापडत नाही. दुवा असेल तर त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हवर जतन करून ठेवा, कारण ई-पेपरचे दुवे फार टिकत नाहीत. ज्यांची विकिपीडियावर किमान ५०० संपादनं आणि सहा महिने झाले आहेत आणि गेल्या महिन्यात दहा संपादनं आहेत, त्यांना विकिपीडिया लायब्ररीतून सशुल्क वृत्तपत्र-संग्रह फुकट वाचता येतात. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याला आत्ताच गाठा.

चाळणी

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण इथेच स्वतःची समजूत घालून पुढे जातात. एका कागदावर चार रकाने पाडा: स्वतंत्र आहे का, विश्वासार्ह आहे का, सविस्तर आहे का, आणि तिन्ही 'हो' असतील तरच चौथ्यात बरोबरची खूण. वगळण्याच्या चर्चेत अनुभवी सदस्य असाच तक्ता मांडतात. तो आधी आपणच आपल्यासाठी मांडायचा.

एक नमुना जवळून बघू. आपल्या क्रीडापानावर अशी बातमी नेहमी दिसते:

'पुणे : क्रीडा प्रतिनिधी. अमुक महाविद्यालयाच्या संघाने आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेच्या अंतिम फेरीत तमुक महाविद्यालयाचा ३४-२७ असा पराभव करून विजेतेपद पटकावले. मध्यंतराला विजयी संघाकडे १८-११ अशी आघाडी होती. संघाला क्रीडा संचालकांचे मार्गदर्शन लाभले. संस्थेचे अध्यक्ष, सचिव व प्राचार्यांनी विजयी खेळाडूंचे अभिनंदन केले.'

चार वाक्यं. पहिल्या दोनांत निकाल आहे, तिसऱ्यात नामोल्लेख, आणि चौथं वाक्य सांगून टाकतं की हा मजकूर कॉलेजच्याच कार्यालयातून आला. अध्यक्षांनी अभिनंदन केल्याचं वार्ताहर मैदानावर बसून लिहीत नाही. खात्री करायची असेल तर त्याच दिवशीची आणखी दोन वृत्तपत्रं उघडा. शब्दन् शब्द तोच असेल तर ती प्रेसनोट आहे, आणि तीन वृत्तपत्रांत आली तरी स्रोत एकच, तोही संघाचाच. चौथा रकाना कोरा. निकाल पडताळायला ही बातमी उपयोगी आहे, ती फेकू नका. पान टिकवायला मात्र तिचा उपयोग शून्य.

याच्याशेजारी दुसरा मजकूर ठेवा: एखाद्या वार्ताहराने स्वतः सरावाला जाऊन लिहिलेला आठशे शब्दांचा लेख. त्यात संघ कधी आणि का सुरू झाला, मैदान कसं मिळालं, पैसा कुठून येतो, खेळण्याची पद्धत इतरांहून वेगळी कशी, प्रतिस्पर्धी त्यांच्याविषयी काय म्हणतात, हे सगळं येतं. असा एक लेख पन्नास निकालांना भारी पडतो, कारण त्यातून ज्ञानकोशाचे दोन परिच्छेद लिहिता येतात. 'सविस्तर' म्हणजे किती, याचा नियमात आकडा नाही. व्यवहारात असं बघा: फक्त या संघाविषयीची, निकाल सोडून किमान शंभरेक शब्दांची माहिती त्या स्रोतात आहे का?

विद्यार्थी वृत्तपत्रांचा प्रश्न अमेरिकेतल्या क्लबांना हमखास नडतो. क्लबवर सगळ्यात जास्त आणि कित्येकदा फार चांगलं लिखाण तिथेच असतं. हार्वर्ड क्रिमझनसारखं विद्यार्थी दैनिक माहितीसाठी विश्वासार्ह धरलं जातं. तरीही आपल्याच विद्यापीठाच्या संघाची उल्लेखनीयता सिद्ध करायला ते धरत नाहीत, कारण लिहिणारे आणि खेळणारे एकाच विद्यार्थी-समाजातले. हे अन्यायाचं वाटतं हे खरं, पण कारण समजण्यासारखं आहे: प्रत्येक विद्यापीठाचं वृत्तपत्र प्रत्येक क्लबवर कधी ना कधी लिहितंच.

बाकीची चाळणी भराभर उरकते. संघाचं, विद्यापीठाचं किंवा लीगचं संकेतस्थळ स्वतंत्र नाही. कर्णधाराची प्रश्नोत्तर-मुलाखत म्हणजे संघाने स्वतःविषयी सांगितलेलं; वार्ताहराने तिच्याभोवती स्वतः लिहिलेला भाग असेल तर तेवढाच मोजा. जाहिरात-पुरवणीतला लेख बाद. वेळापत्रक, गुणतक्ता, निवडीची यादी बाद. ब्लॉग आणि समाजमाध्यमं बाद. लेखाचं शीर्षक खेळाडूविषयी असेल आणि संघाचं नाव एकदाच येत असेल तर तो लेख त्या खेळाडूचा. मोठ्या खेळाडूची कीर्ती संघाला वारसाहक्काने मिळत नाही. सुनील गावस्कर यांनी रोहिंटन बारिया या आंतरविद्यापीठ क्रिकेट स्पर्धेत मुंबई विद्यापीठाकडून ३२७ धावा केल्या. त्या खेळीवर जे लिहिलं गेलं ते गावस्करांच्या पानाला बळ देतं. विद्यापीठाच्या संघावर पान हवं असेल तर संघावर लिहिलेलं वेगळं दाखवावं लागेल. विद्यापीठाचं नाव मोठं, म्हणून क्लब मोठा, हाही तर्क तिथे चालत नाही.

खऱ्या संघांवर कसोटी लावून

फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजचा क्रिकेट संघ घ्या. अमेरिकेत क्रिकेटचा व्हर्सिटी संघ असलेलं हे एकमेव कॉलेज म्हणून ओळखलं जातं. १८६४ मध्ये या संघाने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध सामना खेळला, १८९६ मध्ये इंग्लंडचा दौरा केला. अमेरिकन क्रिकेटच्या इतिहासावर लिहिणाऱ्या कुणालाही फिलाडेल्फिया आणि हॅवरफर्ड टाळता येत नाही, आणि दौऱ्याची दखल इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी घेतली. हे स्रोत बाहेरचे आहेत, सविस्तर आहेत, आणि शतकभराच्या अंतराने वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले आहेत. कॉलेजात क्रिकेटचं खास ग्रंथालय आहे. तिथलं कॉलेजचं स्वतःचं प्रकाशन मोजू नका, पण तिथे जपलेला बाहेरचा छापील मजकूर जरूर मोजा. जवळच्याच एखाद्या विद्यापीठातला क्लब खेळात या संघाला सहज हरवू शकेल. पान मिळण्याशी त्याचा संबंध नाही.

पेन स्टेट विद्यापीठाचा बर्फावरच्या हॉकीचा 'आयसर्स' हा क्लब संघ होता. २०१० मध्ये उद्योगपती टेरी पेगुला यांनी ८ कोटी ८० लाख डॉलरची देणगी जाहीर केली, त्यातून नवं क्रीडागृह उभं राहिलं, आणि २०१२-१३च्या हंगामापासून विद्यापीठाचा पुरुष संघ एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत आला. देणगीच्या निमित्ताने बाहेरच्या वृत्तपत्रांनी क्लबच्या काळाचाही मागोवा घेतला. अशा वेळी प्रश्न 'उल्लेखनीय आहे का' यापेक्षा 'वेगळं पान हवं की संघाच्या एकाच पानात क्लबचा कालखंड' असा होतो. वाचकाच्या बाजूने बघितलं तर सलग इतिहास एका जागी असणं जास्त सोयीचं, आणि क्लबच्या काळावरचे स्रोत खूपच झाले तरच वेगळं पान काढावं.

ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा पुरुषांचा फुटबॉल संघ विद्यापीठात क्लबच होता, पण २००३ पासून तो प्रीमियर डेव्हलपमेंट लीग या विद्यापीठाबाहेरच्या फुटबॉल लीगमध्ये शहरांच्या संघांविरुद्ध खेळला. लीग बदलली की वार्ताहरही बदलतात: प्रतिस्पर्ध्यांच्या गावातली वृत्तपत्रं लिहू लागतात. तुमचा क्लब विद्यापीठाबाहेरच्या लीगमध्ये खेळत असेल तर प्रतिस्पर्ध्यांच्या गावची वृत्तपत्रं शोधायला विसरू नका. ती संघापासून स्वतंत्र आहेत का, हा प्रश्नच तिथे येत नाही.

मिडलबरी कॉलेजचं उदाहरण उलट बाजूचं आहे. २००५ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतला क्विडिच हा खेळ जमिनीवर खेळायला सुरुवात केली, २००७ मध्ये पहिला आंतरमहाविद्यालयीन विश्वचषकही तिथेच झाला. देशभर लिहिलं गेलं, पण त्यातलं बहुतेक खेळाविषयी. २०२२ मध्ये क्वाडबॉल असं नाव घेतलेल्या त्या खेळाच्या पानावर मिडलबरीची हकीकत अगदी योग्य जागी बसते. स्रोत भरपूर असूनही वेगळं पान न काढणं हा कित्येकदा जास्त चांगला निर्णय असतो.

निर्णय

चौथ्या रकान्यात तीन किंवा जास्त खुणा, त्या वेगवेगळ्या प्रकाशनांच्या आणि एकाच आठवड्यातल्या नसलेल्या: स्वतंत्र पान लिहायला घ्या. तीनचा आकडा नियमात नाही, पण चर्चेत सगळे 'सगळ्यात चांगले तीन दाखवा' असंच म्हणतात. एक किंवा दोन खुणा: विद्यापीठाच्या किंवा त्याच्या क्रीडाविभागाच्या पानात एक परिच्छेद. शून्य खुणा, पण निकाल पडताळता येतात: स्पर्धेच्या पानावर विजेत्यांच्या यादीत नाव, बस. दहा कच्चे स्रोत मिळून एक पक्का होत नाही. तीस तळटिपा लावलेलं पान तपासणाऱ्याला उलट संशयास्पद वाटतं, कारण तो एकेक उघडून बघतो आणि प्रत्येक वेळी निकालच निघतो.

परिच्छेदाला कमी लेखू नका. विद्यापीठाचं पान वाचणारे लोक क्लबच्या पानाच्या कितीतरी पट असतात. तिथे प्रत्येक वाक्याला उल्लेखनीयतेची कसोटी लागत नाही. मजकूर पडताळता येण्याजोगा आणि प्रमाणात असला की पुरे. प्रमाणात म्हणजे साठ ते शंभर शब्द. स्थापनेचं वर्ष, खेळ, कोणत्या संघटनेत किंवा लीगमध्ये, राष्ट्रीय पातळीवरचं एखादं यश, आणि दोन संदर्भ. सध्याच्या खेळाडूंची नावं घालू नका: ती दर वर्षी बदलतात, आणि ती सार्वजनिक व्यक्तीही नसतात. मग क्लबच्या नावाने पुनर्निर्देशन (वाचकाला आपोआप दुसऱ्या पानावर नेणारं पान) तयार करून ते थेट त्या विभागाकडे वळवा. शोधणाऱ्याला क्लब सापडतो, आणि उद्या स्रोत वाढले की त्याच जागी पूर्ण पान उभं करता येतं.

स्वतंत्र पान लिहिताना

तुम्ही संघात असाल, होता किंवा प्रशिक्षक असाल तर हितसंबंध आहे. तो लपवू नका. सदस्यपानावर आणि लेखाच्या चर्चापानावर एका वाक्यात जाहीर करा आणि इंग्रजीत लिहीत असाल तर थेट मुख्य नामविश्वात, म्हणजे प्रकाशित लेखांत, न टाकता मसुदा म्हणून परीक्षणाला पाठवा. नवं खातं चार दिवस जुनं आणि दहा संपादनं झालेलं असेल तर तांत्रिकदृष्ट्या थेट पान काढता येतं, पण संघाच्या नावाने उघडलेल्या खात्यावरून कधीही लिहू नका. गटाचं नाव असलेलं खातं लगेच रोखलं जातं. मसुदा सहा महिने कुणी हात न लावता पडून राहिला तर तो काढला जातो, तेव्हा सुट्टीत लिहून परीक्षेत विसरू नका.

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ची, आणि तिथला समाज लहान आहे. पान आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) तयार करा आणि शंका असेल तर चावडीवर (सदस्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) विचारा. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपले निर्णय स्वतः घेतो. इंग्रजीत टिकलं म्हणून मराठीत टिकेलच असं नाही, आणि इंग्रजीत उडालेलं पान मराठीत आणून टाकणं तर टाळाच. स्रोत मात्र कोणत्याही भाषेतले चालतात. महाराष्ट्रातल्या संघावर इंग्रजीत पान लिहिताना मराठी वृत्तपत्रांचे संदर्भ निःसंकोच द्या. वगळण्याची चर्चा आली तर त्यातल्या महत्त्वाच्या वाक्यांचा अनुवादही द्या, म्हणजे मराठी न येणाऱ्याला तोलता येईल.

लिहिताना उलट्या क्रमाने चला: आधी तीन पक्के स्रोत समोर ठेवा, त्यात जे आहे तेवढंच लिहा, मग उरलेल्या जागी निकाल भरा. आठवणीतून लिहून मागाहून संदर्भ शोधणाऱ्याच्या हातून असं वाक्य येतं: 'अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत स्थापन झालेल्या या लढवय्या संघाने अल्पावधीत दबदबा निर्माण केला.' यातला एकही शब्द पडताळता येत नाही. त्याऐवजी 'संघाची स्थापना अमुक साली झाली. पहिल्या हंगामात संघ सातपैकी पाच सामने हरला, तिसऱ्या हंगामात विभागीय विजेता ठरला' असं लिहिलं की तीच जिद्द दिसते आणि संदर्भही लावता येतो. मजकूर संघाच्या संकेतस्थळावरून उचलला तर पान प्रताधिकारभंग म्हणून चर्चेविना जातं, मग ते संकेतस्थळ तुम्हीच लिहिलेलं असो.

छायाचित्राचा हक्क ते काढणाऱ्याचा असतो, त्यात उभ्या असलेल्यांचा नव्हे. ज्याने काढलं त्यानेच विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर मुक्त परवान्याखाली चढवावं किंवा परवानगीचं ईमेल स्वतः पाठवावं. विद्यापीठाचं बोधचिन्ह बहुधा मुक्त नसतं, ते कॉमन्सवर टाकू नका.

वगळण्याचा साचा लागलाच तर

साचा म्हणजे पानाच्या वर लागणारी ठरावीक सूचना. मराठीत पानकाढा साचा दिसेल, इंग्रजीत चर्चेचा दुवा. साचा स्वतः काढू नका. चर्चेत एकदाच, शांतपणे, हितसंबंध सांगून लिहा: हे तीन स्रोत, प्रत्येक स्वतंत्र का, आणि प्रत्येकात संघाविषयी काय आहे. एवढंच. 'अमक्या क्लबचं पान आहे मग आमचं का नाही' हा मुद्दा मोजलाच जात नाही, कारण ते पानही उद्या चर्चेला येऊ शकतं. व्हॉट्सॲप गटावर दुवा टाकून 'सगळ्यांनी ठेवा म्हणून मत द्या' असं आवाहन तर मुळीच करू नका. इथे मतं मोजत नाहीत, युक्तिवाद तोलतात. एका संध्याकाळी उघडलेली पंधरा नवी खाती एकसुरात बोलू लागली की चर्चेवर तशी सूचना लागते आणि खऱ्या मुद्द्यांचंही वजन जातं.

तक्ता प्रामाणिकपणे भरला आणि बाजू कमकुवत दिसली, तर चर्चा चालू असतानाच स्वतः 'विलीन करून पुनर्निर्देशन' सुचवा. चर्चा बंद करणारा सदस्य वगळण्याला असलेला पर्याय बघतोच. पुनर्निर्देशनात पानाचा इतिहास शिल्लक राहतो. वगळलेल्या पानाचा इतिहास फक्त प्रचालकांना (विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना) दिसतो. पुनर्निर्देशन झालं तर तुमचा मजकूर, संदर्भ, तळटिपा सगळं 'इतिहास' या टॅबखाली सुरक्षित असतं आणि दोन-चार वर्षांनी नवे लेख छापून आले की तिथूनच परत उचलता येतं.

तोवर क्लबच्या कपाटात एक फाइल ठेवा. प्रत्येक कात्रण मूळ कागदासह, वर तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक पेनाने लिहिलेलं, आणि आत तोच चार रकान्यांचा तक्ता. कर्णधारपद देताना पुढच्याच्या हातात चेंडूंच्या पिशवीबरोबर ही फाइलही द्या.